आमचा शंकरपट आणि माझा अंगठा

आमच्या गावचा शंकरपट कुणी सुरू केला यावर गावात दोन मतं आहेत, आणि ती दोन्ही मतं बाळगणारी माणसं मारुतीच्या एकाच पारावर बसतात. एका मताप्रमाणे झरीच्या बाजारावरून परतताना दोन साडूंची पैज लागली, कुणाचे बैल आधी ओढा ओलांडतात याची. जो हरला तो म्हणाला, पुढच्या साली बघू. दुसऱ्या मताप्रमाणे पैज वगैरे काही नव्हती, दोघांनाही सासुरवाडीचं जेवण गार व्हायच्या आत गाठायचं होतं. काही असो, पुढच्या साली चार गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या साली वीस, आणि मी कळता झालो तोवर संक्रांत सरली की आमच्या गायरानावर गंगाकाठापासून, म्हणजे गोदावरीपासून, पूर्णेपर्यंतच्या जोड्या उतरत होत्या. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलका छकडा, दोन बैल, एक हाकणारा आणि चारशे फुटांची सरळ धाव. एकेक जोडी सुटते. तिकडे झेंडी पडली की घड्याळ सुरू, इकडे रेघ ओलांडली की बंद. सगळा खेळ आठ-नऊ सेकंदांचा, आणि त्यावर वर्षभर बोलायचं.

पटाला मालक नव्हता आणि अजूनही नाही. दिवाळी झाली की पारावर बैठक बसायची आणि घरागणिक काम वाटलं जायचं. कुणाकडे रूळ फिरवायचा, कुणाकडे बांबू, कुणाकडे पाण्याच्या टाक्या. रशीदचाचांचा लग्नात लावायचा भोंगा होता, तो आणि स्वतः रशीदचाचा दोन्ही फुकट. दगडूभाऊ झेंडीवाल्याच्या शेजारी उभे राहून हलगी वाजवायचे, तेही हौसेनं. झेंडी पडली रे पडली की त्यांची काडी कडाडायची आणि जोडी रेघ ओलांडेपर्यंत थांबायची नाही. मैदानाच्या तोंडाशी प्रत्येकाचे हात तपासले जायचे, कारण पराणी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, आत न्यायला बंदी होती. एका साली एका पाहुण्यानं ती धोतरात लपवून नेली आणि बसताना त्यालाच टोचली. पुढच्या साली तो आला तेव्हा रशीदचाचांनी भोंग्यावरून त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

आमच्या घराच्या वाट्याला पाहुण्यांचं जेवण यायचं. दहा-बारा घरांनी पाहुणे वाटून घेतलेले असत, पण माय हट्टानं जास्तीचे मागून घ्यायची. पटाच्या आधीचे दोन दिवस आमचं घर येसराच्या वासानं भरून जायचं. भाजलेली ज्वारी, हरभराडाळ, धणे, खोबरं असं सगळं एकत्र दळून केलेलं ते पीठ उकळत्या पाण्यात पडलं की शेजारची माणसं नुसतीच काहीतरी विचारायला यायची. बायका अंगणात तीन चुली मांडून भाकरी थापायच्या, आणि थापण्याचा आवाज पहाटेपासून असा एका लयीत चालायचा की तो थांबला तरच जाग यायची. आता मी परभणीत राहतो, येसर दुकानात पुडीत मिळतं, बायको चांगलं करते. पण बारा माणसांच्या पंगतीला पातळ होत होत शेवटच्या माणसापर्यंत पोचलेल्या त्या आमटीची चव त्याला येत नाही, आणि हे मी घरात एकदाच बोललो.

आमचे बैल पळणारे नव्हते. ते चालायचे, आणि तेही विचार करून. याच कारणानं मी वीस वर्षांचा असताना पटाचं घड्याळ माझ्या गळ्यात आलं. गावचा नियम होता की ज्याच्या घरची जोडी पटात आहे त्यानं घड्याळाला हात लावायचा नाही. हायस्कूलच्या खेळाच्या सरांकडून एका दिवसासाठी मागून आणलेलं ते स्टॉपवॉच, त्याला काळी दोरी. मी कॉलेजात जायचो, इंग्रजी आकडे वाचायचो आणि आमचे बैल आळशी होते. एवढ्या तीन गुणांवर माझी निवड झाली. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा फार अभिमान वाटला. त्यांनी मला नवा शर्ट शिवला.

आता कबुलीजबाबाचा भाग. मला दूरचं दिसत नव्हतं. दहावीपासूनच फळा धूसर व्हायला लागला होता, पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण दादांना मला रेल्वेत घालायचं होतं. साधं रेल्वेत नव्हे, इंजिनात. ते कामाशिवाय पूर्णेला जायचे, जंक्शनच्या पुलावर उभे राहायचे आणि इंजिनातून बाहेर डोकावणाऱ्या माणसाकडे बघून यायचे. रात्री जेवताना म्हणायचे, "त्या नोकरीला डोळे लागतात. मव्हं पोरगं घारीसारखं बघतंय." शाळेत डोळे तपासायला माणूस आला तेव्हा मी पुढच्या पोरानं वाचलेली अक्षरं पाठ करून म्हणून दाखवली होती, आणि घारीची कीर्ती तिथून सुरू झाली होती. इंजिनाच्या नोकरीचा अर्ज भरून झाला होता. अशा वेळी चारशे फुटांवरची झेंडी दिसत नाही म्हणून मी घड्याळ नाकारलं असतं, तर का नाकारतोस हे दादांनी विचारलं असतं.

मी एक युक्ती काढली. झेंडी दिसत नसली तरी हलगी ऐकू येत होती. हलगीचा पहिला ठोका आला की अंगठा दाबायचा. हे सर्वांना सारखंच होतं, त्यामुळे अन्याय कुणावरच नव्हता. आवाज पोचायला जो निमिष लागतो तो सगळ्या जोड्यांच्या वाट्याला सारखा. दोन सालं पट असाच झाला, एक तक्रार आली नाही. खरं सांगायचं तर मला माझ्या हुशारीचा गर्वच झाला होता.

तिसऱ्या साली मुंजातात्या उतरले.

मुंजातात्या आमच्या आखाड्याला, म्हणजे शेतातल्या गोठ्याला, लागून असलेल्या शेतातले. चार एकरांचे धनी, बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे, पण बैलांचा विषय निघाला की कुणालाच ऐकायचे नाहीत. तेव्हा पटात सगळे विकत आणलेले पांढरे खिल्लार पळवायचे. तात्यांचं म्हणणं होतं की आपल्या इकडचा लाल कंधारी, जो दिवसभर औत ओढतो, तो खिल्लाराच्या तोंडात माती घालील. यावर पारावर लोक त्यांची खूप चेष्टा करायचे. "तात्या, तुमचे बैल पळतेत, पर वैरणीकडं." तात्या म्हणायचे, "हसा. दात मोजून ठिवा." त्यांनी घरच्याच गाईची दोन वासरं, शेंदऱ्या आणि हौश्या, चार वर्षं स्वतःच्या हातानं वाढवली. ओढ्याच्या वाळूत पळवली, सरकी चारली, अंगावरून रोज हात फिरवला. तात्यांच्या बायको, गयाकाकू, मायला म्हणायच्या, "मह्या लेकरानला बी इतकं कुरवाळलं न्हाई ओ या माणसानं." पटाच्या आदल्या दिवशी तात्या मला म्हणाले, "घड्याळ तुझ्याकडं हाय म्हणून मी उतरायलोय बरं. तू लबाडी करायचा न्हाईस." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहितोय.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. तात्यांची जोडी मधे कुठंतरी आली. भोंग्यावर रशीदचाचा म्हणाले, "आता येऊ लालेत मुंजाजी, लाल गाडी. देवियों और सज्जनों, ज्यांना चहा प्यायचाय त्यांनी पिऊन घ्या." माणसं हसत असतानाच हलगी कडाडली, मी अंगठा दाबला, आणि ते दोन लाल बैल असे आले की हसणाऱ्यांचे चेहरे तसेच राहिले. तात्या छकड्यावर अर्धे उभे होते, हात रिकामे, नुसती हाळी. मी घड्याळ बघितलं. सात सेकंद ऐंशी. तोवर आठच्या आत कुणी आलं नव्हतं. रशीदचाचांनी आकडा दोनदा सांगितला आणि मग आपण होऊन म्हणाले, "चहावाल्यांनी मला माफ करावं." तात्या बैलांच्या गळ्यात हात टाकून उभे होते. त्यांच्याकडे अभिनंदन करायला लोक जायला लागले, पण तात्या त्यांना थांबवत होते. "अजून बापूची जोडी ऱ्हायलीय. होऊ द्या."

बापू म्हणजे गंगाकाठचे एक मोठे शेतकरी. त्यांची पांढरीशुभ्र खिल्लार जोडी आधीची तीन सालं पहिली आलेली, म्हणून तिला शेवटचा मान. ती जुंपायला वेळ लागत होता. एक बैल जू घेईना. आणि इथे जे झालं ते एवढंच: दगडूभाऊंची हलगी ढिली पडली. कातडं सैल झालं की हलगी विस्तवावर धरून शेकावी लागते, हे रोजचंच. जोडी लागायला उशीर आहे असं बघून ते कडब्याच्या जाळाकडे गेले. सगळं मैदान बापूंच्या बैलांकडे बघत गप्प उभं होतं. मीही त्या दिशेच्या धुराळ्याकडे बघत, अंगठा तयार ठेवून, हलगीची वाट बघत उभा होतो. आणि मला चाकांचा आवाज आला.

झेंडी पडून गेली होती. पांढरं काहीतरी धूसर माझ्याकडे येत होतं आणि पाण्याची टाकी, जी सुटायच्या जागेपासून शंभर फुटांवर ठेवलेली असे, ती त्यांनी मागे टाकली होती. मी दचकून अंगठा दाबला. उभ्या बैलांना पहिल्या शंभर फुटांना दोन सेकंद तरी लागतात, ते घड्याळात आलेच नाहीत. जोडी रेघेवरून गेली, मी पुन्हा दाबला. सहा सेकंद दहा.

चूक इथपर्यंत चूकच होती. तिला उपायही होता. आमच्या पटात घड्याळवाल्यानं हात वर करून "फेर" म्हटलं की जोडी दम खाऊन पुन्हा पळायची, कुणी रागावायचं नाही. दोरी तुटली, कुत्रं आडवं आलं, घड्याळ अडकलं, काहीही कारण चालायचं. मी खोटं कारणसुद्धा देऊ शकलो असतो. पण रशीदचाचा माझ्या हातात वाकून बघत होते, आणि दादा समोरच पाटावर बसले होते, त्यांनीच शिवलेल्या शर्टातल्या आपल्या पोराकडे बघत. फेर म्हटलं की कुणीतरी विचारणार, झेंडी दिसली नाही का? माझा हात वर गेला नाही. रशीदचाचांनी भोंग्यात आकडा सांगितला आणि मैदान उसळलं. सहा सेकंद दहा. असं कुठं झालंच नव्हतं. लोकांनी बापूंना खांद्यावर घेतलं. काही म्हातारे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एवढी काय पळाली न्हाई गड्या जोडी." पण घड्याळापुढं डोळ्यांचं कोण ऐकतं?

तात्या माझ्याकडे आले. मला वाटलं, विचारणार. ते म्हणाले, "किती फरक पडला?" मी सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "लय हाय. एवढा म्या भरून काढू शकत न्हाई." आणि हसून बैल सोडायला गेले.

दीड महिन्यानं रेल्वेच्या डॉक्टरनं मला पहिल्याच खोलीतून बाहेर काढलं. तिथं पाठ करायला पुढं पोरगंच नव्हतं. ज्या गुपितासाठी मी गप्प बसलो ते असं दीड महिनाच टिकलं. परतीच्या गाडीत पूर्णा आली तेव्हा दादा जंक्शनच्या पुलाकडे बघत होते. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर चष्मा तरी घेतला असता." एवढंच. मला लांबलचक भाषणाची भीती होती, ते झालंच नाही. पुढच्या साली चष्मा लावून मी पटाला गेलो तेव्हा पहिल्यांदा ती झेंडी पाहिली. चांगली लुगड्याएवढी होती.

पण तोवर शेंदऱ्या-हौश्या गावात नव्हते. तात्यांनी उन्हाळ्यातच ते बाजारात विकले. घरच्या गाईचे, हातावर वाढलेले बैल. "बैलाचा दोष न्हाई, मव्हा हट्ट वाईट," असं ते पारावर म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी पटाचं नाव काढलं नाही. गावात पुन्हा कुणी पटासाठी लाल बैल राखला नाही. आणि त्या सहा-दहाचं तर काय सांगावं. ती वेळ शाळेच्या भिंतीवर तेलरंगानं लिहिली गेली. चारी बाजूंचे गडी ती गाठायला बैल बदलू लागले, छकडे हलके करू लागले, खुराकात काय काय घालू लागले. कुणी सातच्या आत आलं नाही. मी शिक्षक झालो, वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवू लागलो, आणि गावी गेलो की शाळेच्या त्या बाजूनं जायचं टाळू लागलो.

मधे बरीच सालं कोर्टाच्या बंदीमुळे पट थांबला. मी मनातल्या मनात सुटलो असं समजलो होतो. मग बंदी उठली आणि गावातल्या पोरांनी पट पुन्हा उभा केला. तीच घरोघर कामवाटणी, फक्त आता व्हॉट्सॲपवर. घड्याळाच्या जागी रेघेवर डोळा बसवलेलं यंत्र आलं, जे कुणाच्या बापाला घाबरत नाही. आणि गेल्या साली त्या पोरांचा मला फोन आला. "सर, तुमी सहा-दहाचे साक्षीदार. बापूंचा पोरगा बी यायलाय. तुमचा दोघांचा सत्कार ठेवलाय."

पटाच्या दिवशी सकाळी मी आधी तात्यांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या पुढचे, दारात खुर्ची टाकून उन्हाला बसलेले. गयाकाकू गेल्याला तीन वर्षं झाली. मी समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. डोळे, हलगी, जाळ, टाकी, सगळं. मी थांबल्यावर तात्यांनी विचारलं, "मव्हा टाइम खरा होता का?"

"खरा होता, तात्या. तुमच्या वेळी हलगी वाजली होती."

"सात ऐंशी."

"सात ऐंशी."

"मंग पहिला मीच की."

"होय."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. बैल बांधायची जागा होती तिथं आता नातवाची मोटारसायकल होती. मग म्हणाले, "हे मला कामून सांगायलास? मी काय पळवायला येत न्हाई आता."

"तुमची माफी मागायला आलो."

"हळू आवाजात?" तात्या म्हणाले. "तवा आकडा भोंग्यावर सांगितला तुमी. आख्ख्या चार कोसात ऐकू गेला. आता माफी मातर मव्हं दार लावून. असं न्हाई जमत, मास्तर. भोंग्यावर सांग."

मी म्हणालो, बापूंचा मुलगा आलाय. बापू आता नाहीत. सत्काराच्या दिवशी हे कसं सांगू? तात्या म्हणाले, "ते तू बघ. तू शिकलेला हायस." आणि काठी घेऊन उठले. "चल. मी बी येतो ऐकायला."

सत्कार दुपारी होता. नारळ, शाल, फेटा. माईक माझ्या हातात आला तेव्हा पोरांना वाटलं मी आठवणी सांगणार. मी सांगितल्या. वर्गात शिकवतो तसं सावकाश बोललो. सहा सेकंद दहा कधी झालंच नव्हतं. मला झेंडी दिसत नव्हती. मी फेर मागायला हवा होता आणि मी मागितला नाही. त्या साली पहिले मुंजातात्या होते.

लोक रेघेपासून मंचाकडे सरकले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, त्या टाइमापायी म्या सात जोड्या बदलल्या हो." हशा पिकला, पण तो माणूस हसत नव्हता. बापूंचा मुलगा माझ्या शेजारीच फेटा बांधून उभा होता, माझ्याच वयाचा, डोक्याचे केस पांढरे. तो मंचावरून उतरला नाही, चिडला नाही. माईकपासून तोंड बाजूला घेऊन मला म्हणाला, "आमचे बापू शेवटच्या आजारपणात बी तोच आकडा सांगायचे. आता मी घरी जाऊन नातवांना काय सांगू?"

त्याच्या वडिलांनी तर काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी एकाचं काढून दुसऱ्याला दिलं होतं आणि आता दुसऱ्याकडून परत घेत होतो. तेवढ्यात तात्या काठी टेकत मंचाशी आले, वर चढता येईना म्हणून खालूनच त्यांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "सांग की, आपले बैल लय चांगले होते. एका लाल जोडीच्या जरासे मागं होते, एवढंच." बापूंचा मुलगा मंचाच्या कडेला आला. मग त्यानं आपला फेटा उतरवला, खाली वाकून तात्यांच्या डोक्यावर ठेवला. तो तात्यांना मोठा झाला, कानांवर आला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

पट उरकला तेव्हा ऊन कलत होतं. मी मोटारसायकल आणली आणि तात्यांना म्हणालो, बसा, घरी सोडतो. त्यांनी मान हलवली. "पायी जातो. लोकं बोलायलेत मह्याशी." मी गाडी बंद केली आणि ढकलत त्यांच्या मागं चालू लागलो. गायरानापासून गावापर्यंतची ती वाट दहा मिनिटांची आहे. दर चार पावलांवर कुणीतरी, बहुतेक ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता असे पोरगे, त्यांना थांबवून विचारत होते, तात्या, ती लाल जोडी कसली होती हो? आणि तात्या काठी रोवून उभे राहायचे आणि दर वेळी गाईपासून सुरुवात करायचे.